एकवीस इंचांवरची खाच

५ एप्रिल १९८७, रविवार

“वृत्तचितीचं घनफळ काढून तू काय विहिरी मोजत फिरणार आहेस?”

अण्णांचं वाक्य. मी मॅट्रिकला होते, भूमितीत डोकं घालून बसले होते आणि अण्णा आरशापुढे दाढी करत होते. रागावून नाही, हसत म्हणाले. म्हणून तर जास्त लागलं. पुढे कॉलेजचा विषय घरात निघालाच नाही. विहिरी काही मी मोजल्या नाहीत. आज मात्र पिंपं मोजली.

राग आलाय, तरी नीट क्रमाने लिहिते.

दुपारी सोनूबाई वर आली. तळमजल्यावर जिन्याला लागून तिची खोली. साठीची बाई, एक मजला चढून कठड्याला धरून उभी राहिली. मी साड्यांना फॉल लावत बसले होते. म्हणाली, “नलू, तुझ्या धुण्याचा शेवटचा पाणी ओतू नको गो. माका दी.”

मला आधी कळेचना. धुण्याचं पाणी? कशाला? तर लहूमामांच्या चादरी धुवायला. तिचा नवरा. दिवाळीनंतर अर्धं अंग गेलं, वाचा गेली, तेव्हापासून खाटेवर. सगळं खाटेवरच. पाठीला जखमा झाल्यात. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलंय, दिवसातून दोनदा अंग पुसा, चादर बदला, कोरडं ठेवा, नाहीतर जखम हाडापर्यंत जाईल. आणि त्यासाठी ही बाई माझं साबणाचं गढूळ पाणी मागतेय!

मी विचारलं, पिंप रोज भरतं ना? भरतं म्हणाली, काठीभर भरतं, दुपारपर्यंत सरतं.

ही काठी ह्यांची. फेब्रुवारीपासून वरच्या टाकीत पाणी चढत नाही. सकाळी तासभर खालच्या टाकीत येईल तेवढंच. आधी बादल्यांच्या रांगा, शिव्या, ढकलाढकली. एकदा शिवदासरावांच्या सुनेच्या कपाळाला कळशी लागून टाके पडले. हे सोसायटीचे सेक्रेटरी. ह्यांनी तोडगा काढला. प्रत्येकाने दारात एक पिंप ठेवायचं. मोटर लावून नळी दारोदार न्यायची. काठीवर एकवीस इंचांवर खाच. काठी पिंपात उभी धरायची, खाचेला पाणी लागलं की नळी उचलायची, पुढचं दार. सोळा बिऱ्हाडं, सगळ्यांना सारखं. भांडणं बंद झाली. सगळ्यांनी ह्यांचं कौतुक केलं. मीही केलं.

आम्ही दोघं, तीही दोघं. मुलगी लग्न होऊन पनवेलला गेली तेव्हापासून आमच्या पिंपात दुसऱ्या सकाळी वीतभर पाणी शिल्लकच असतं. मग तिचं दुपारी कसं सरतं? बिल्डिंगमध्ये सगळे म्हणतात, सोनूबाई पाणी फार उडवते. मीही मानलं होतं. बादली घेऊन तिच्याबरोबर खाली गेले, गळ्यात टेप तशीच लोंबत होती.

अर्धी खोली लोखंडी खाटेने खाल्लेली. खाट आणि मोरी यांच्या मधल्या सांदीत तिचं पिंप. उंच आणि बारीक. आमच्या पंधरा घरांची पिंपं एकाच भंगारवाल्याकडून एकदम आणलेली, तेलाची, जाडजूड. त्या सांदीत ते जात नव्हतं म्हणून तिने घेतलं नाही.

सहज टेप गुंडाळली पिंपाभोवती. टोकं जुळली, वर चांगली वीतभर टेप उरली. वर येऊन आमच्या पिंपाभोवती गुंडाळली. तीच टेप. टोकं जुळेचनात! दीड वीत पत्रा उघडाच.

आणि काठी दोन्हीकडे तीच. खाच तीच.

६ एप्रिल, सोमवार

हिशेब केला. विसरले नाहीये मी! त्रिज्येचा वर्ग, गुणिले उंची, गुणिले बावीस सप्तमांश. एकवीसला साताने भाग जातो, अगदी पुस्तकातलं उदाहरण असावं तसं सुटलं.

आमचं पिंप तोंडाशी चोवीस इंच. म्हणजे नऊ हजार पाचशे चार घन इंच. तिचं सोळा. चार हजार दोनशे चोवीस. दुधाच्या बाटलीने आमचा हंडा मोजून घेतला, तेरा लिटरचा आहे. आमच्या पिंपात बारा हंडे. तिच्या पिंपात पाच हंडे आणि वर चार तांबे.

दीडपट रुंद, म्हणून दीडपट पाणी, असं नसतं. दीडाची दीडपट होते. सव्वादोन. सव्वादोन पट पाणी आम्ही ‘सारखं’ म्हणून घेतो आणि वर तिलाच उधळी म्हणतो.

जेवताना ह्यांना सांगितलं. हे शांतपणे आमटी ओरपत होते. म्हणाले, काठी सगळ्यांना एकच आहे ना? मग?

मग मी उठले. चहाचा पेला घेतला आणि लाडवांचा मोठा डबा रिकामा करून घेतला. दोन्हींत चार-चार बोटं पाणी घातलं. मग पेल्यातलं एका पातेलीत, डब्यातलं दुसऱ्या पातेलीत ओतून दाखवलं. बघा म्हटलं, दोन्हीकडे उंची एकच होती. ह्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील, खरंच की.

म्हणाले, “पाणी सांडू नकोस.”

एवढंच! हात धुतला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. तिथूनच म्हणाले, सगळ्या बिल्डिंगला मान्य आहे, तुला एकटीला नाही.

७ एप्रिल

बोलत नाही आम्ही. भात करपला. मुद्दाम नाही.

९ एप्रिल, गुरुवार

डोकं फिरलंय माझं. जिकडे तिकडे गोल आणि उंच तेवढंच दिसतं. पिठाचा डबा, पावडरचा डबा, स्टोव्हची टाकी, दोऱ्याचं रीळ, लहूमामांच्या इंजेक्शनची काचेची नळी. वाण्याकडे तेल घेतलं. तो बारीक उंच माप वापरतो, लांबून भरलेलं किती छान दिसतं! बारीक वस्तू उंच दिसते आणि उंच वस्तू भरपूर वाटते. डोळा उंची बघतो, रुंदी बघतच नाही. सगळी बिल्डिंग उंचीच बघत बसलीय.

दुपारी गॅलरीत बायका गहू निवडत होत्या. शेजारच्या अनुपमाने विषय काढला. हे कुणाजवळ तरी बोललेले दिसतात. म्हणाली, “काय ताई, आता आमच्या इडलीपात्राचं पण घनफळ काढून द्या ना. जावेला एक जास्त जाते असं वाटतं मला.” सगळ्या हसल्या. मीही हसले. मला वेळेवर राग येत नाही, हे माझं दुखणंच आहे. हसून घेते आणि घरी येऊन भांडी आपटते.

मी म्हटलं, अगं पण खरंच कमी मिळतं तिला, निम्म्याहून कमी. दुसरी कुणी म्हणाली, मग मोठं पिंप घ्यावं त्यांनी, कुणी नको म्हटलंय? मी खाटेचं सांगितलं. तर म्हणे, खाट हलवावी. म्हटलं, कुठे हलवू? तुमच्या डोक्यावर ठेवू?

हे शेवटचं मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, बघते.

११ एप्रिल, शनिवार

संध्याकाळी भाजीला निघाले आणि पाय पाईपलाईनकडे वळले. तानशाचं पाणी मुंबईत नेणारे ते पाईप आमच्या मुलुंडमधूनच जातात. माझ्या डोक्याहून उंच. सहा फूट तरी असतीलच. हात लावला. गार होता. आतून वाहतंय ते तळव्याला कळतं.

उभ्या उभ्या तोंडी हिशेब केला. सहा फूट रुंद पाईप, त्याचा नुसता एक फुटाचा तुकडा घेतला तर त्यात आठशे लिटर. आमची पाच पिंपं. एका फुटात! आणि हा पाईप पुढे मैलोन्‌मैल. अण्णा, हे बघा, मोजतेय मी.

पण राग पाईपावर काढण्यात अर्थ नाही. पाईप कुणाचं ऐकत नाही. राग ह्यांच्यावर आहे.

आणि ह्यांच्यावर धड रागावताही येत नाही. संपात गिरणी गेली तेव्हाचे हे मला आठवतात. सगळं आयुष्य ‘सगळ्यांना सारखं’ म्हणून घोषणा दिलेला माणूस. दोन वर्षं गॅलरीत बसून राहिला. कुणी काही विचारेना. वाणीसुद्धा माझ्याशी बोलायचा, ह्यांच्याशी नाही. आता भांडुपला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात, मान खाली घालून जातात, मान खाली घालून येतात. पण सकाळी काठी हातात घेतली की पाठ सरळ होते! सोळा दारं ह्यांची वाट बघतात. “सहदेवराव आले” म्हणतात. मी नळीचा आवाज ऐकत आत चहा ठेवते आणि मला बरं वाटतं. वाटायचं.

तीच काठी मी खोटी आहे म्हणतेय. ह्यांना काय होत असेल ते मला कळतं. कळतं म्हणून जास्त चीड येते. लहूमामांच्या पाठीचं ह्यांना का कळू नये? एकाच गिरणीत होते दोघं. ह्यांना तिथे चिकटवलं तेच लहूमामांनी.

१२ एप्रिल, रविवार

आज जिन्यात मीटिंग झाली. दुसऱ्या विषयासाठी होती, मोटरच्या दुरुस्तीसाठी. पण मी उठून बोलले. पहिल्यांदाच. पदर घट्ट धरून बोलले, कागदावरचे आकडे वाचले. नऊ हजार पाचशे चार म्हणताना आवाज चिरकला.

शिवदासराव अध्यक्ष. वाईट माणूस नाही. त्यांनी विचारलं, मग करायचं काय? मी म्हटलं, काठी सोडा, हंड्याने मोजा. तर ते म्हणाले, पाणी येतं तासभर, सोळा घरं, हंड्याने मोजत बसलो तर अर्ध्या लोकांना कोरडं राहावं लागेल. हे खरं आहे. मी म्हटलं, निदान सोनूबाईंच्या पिंपाला वेगळी खाच करा, वरपर्यंत भरा. वरच्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं, आणि ते पाणी कुणाच्या पिंपातून कापणार? त्यावर सगळे एकदम बोलायला लागले.

हे नुसते काठी मांडीवर आडवी ठेवून बसले होते.

मग शिवदासराव म्हणाले, ज्यांचं गाऱ्हाणं आहे त्यांनाच विचारू. सोनूबाईला बोलावलं. तिची खोली तिथेच, चार पावलांवर, दाराला नुसता पडदा. ती बाहेर आली, हात ओले. शिवदासरावांनी विचारलं, तुम्हाला पाणी कमी पडतं का?

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, “माका कमी पडाक नाय. माझा भागता.” आणि आत गेली.

हसला कुणी नाही. हसले असते तर बरं झालं असतं. शिवदासराव म्हणाले, चला, मोटरचं बघू.

मी कागद हातात धरून उभी. कागदाचा बोळासुद्धा करता येईना, सगळे बघत होते.

बया! मी तुझ्यासाठी बोलत होते. मला उघडं पाडलंस सगळ्यांसमोर.

१३ एप्रिल, सोमवार

जाब विचारायला गेले. खरंच भांडायला गेले होते. दारातच म्हटलं, का खोटं बोललात?

तिने मला हाताला धरून बाहेर नेलं, पार मागच्या गटारापर्यंत. तिथे गेल्यावर बोलली. तिचा राग माझ्याहून मोठा होता.

“त्येंका आयकाक येता गो,” म्हणाली. “बोलाक येणा नाय, पण सगळा आयकतत. तुमी थंय जिन्यार बसान त्येंच्या चादरींची मोजणी करतास. माणूस पडलो म्हणान काय त्येका लाज नाय?”

काल रात्री लहूमामांनी पेज तोंडातून बाहेर टाकली म्हणे. ओठ मिटून घेतले.

माझ्या कागदावर त्रिज्या होती, उंची होती. खाटेवर पडलेला माणूस ऐकतोय हे त्यात कुठेच नव्हतं. आणि मला स्वतःचा किती अभिमान वाटत होता! आकडे वाचताना एकदा डोकावून गेलं होतं की बघा, मी किती हुशार.

ती म्हणाली, पुन्हा चारचौघांत नाव काढू नको आमचं. आत जाताना वळून म्हणाली, धुण्याचं पाणी मात्र ठेवत जा.

१४ एप्रिल

धुण्याचं पाणी ती न्यायला आली. ते ठेवलंच नव्हतं. चांगल्या पाण्याची बादली दिली. घेईना. पाच-सहा वेळा म्हटलं तेव्हा घेतली.

१६ एप्रिल, गुरुवार

रोज दुपारी दोन हंडे खाली नेतेय. गॅलरी सामसूम असते तेव्हा. सोनूबाई पडदा वर धरते, बस. काल मी अंग पुसायला मदत केली. लहूमामांना कुशीवर वळवून धरलं. कमरेच्या वर पावलीएवढी जखम, कडा काळपट. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मीही नजर भिंतीवर ठेवली. पाणी कोमट करून घेतलं होतं. स्वच्छ पाण्याचा फडका पाठीवर फिरला तसा त्यांचा श्वास लांब सुटला. आज पेज प्यायले.

आज वर येताना अनुपमा जिन्यात भेटली. रिकामा हंडा बघितला. म्हणजे तिला माहीत होतं, बघून ठेवलं होतं. यावेळी थट्टा नाही केली. हळूच म्हणाली, “उरतं का ताई तुमच्याकडे? मला सांगायचं ना. माझ्याकडे सात माणसं आहेत.”

सात. आणि पिंप आमच्याएवढंच. हे तर मी मोजलंच नव्हतं.

रागच आला तिचा. मग माझा. तिचा राग करायला जागाच नाही, म्हणून जास्त.

एका घरचं पाणी दुसऱ्या घरी द्यायचं नाही असा नियम आहे. फेब्रुवारीत कुणीतरी नाक्यावरच्या सरबतवाल्याला बादल्या द्यायचं, तेव्हा ह्यांनीच तो केला. आज जेवताना मीच सांगून टाकलं, अनुपमाकडून कळण्याआधी. दोन हंडे नेते म्हटलं. नेणार म्हटलं.

हे जेवता जेवता थांबले. विचारलं, लहूमामा कसे आहेत? मी जखम सांगितली. आकार सांगितला. ह्यांनी ताटातला भात संपवला नाही.

मला वाटलं, विरघळले.

१८ एप्रिल, शनिवार

जिन्यातल्या फळ्यावर ह्यांच्या अक्षरात: “खोली क्र. ९. पाणीवाटपाचा नियम मोडला. एक दिवस पाणी बंद. — सेक्रेटरी.”

खोली क्रमांक नऊ आमची!

सकाळी नळी आठ नंबरपाशी थांबली आणि उचलून सरळ दहा नंबरला गेली. मी दारात उभी होते. स्वतःच्या हाताने नळी उचलून नेली, माझ्या पुढून. पाण्याची एक धार उंबऱ्यावर सांडली तेवढीच आमची. दहा नंबरातली अनुपमा खाली बघत राहिली. ह्यांची पाठ ताठ. शिवदासराव खालून म्हणाले, सहदेवराव, घरच्या माणसाला कशाला, जाऊ द्या. तर हे म्हणाले, नियम म्हणजे नियम, माझ्या घरापासून सुरू.

लोकांनी वाहवा केली असणार. असा सेक्रेटरी मिळायचा नाही! माझ्या तोंडाला मात्र कडू चव. असं न्यायाने वागणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? लबाड असता तर सोपं होतं. हा माणूस स्वतःला तहानेलं ठेवेल, मला ठेवेल, लहूमामांची पाठ सडू देईल आणि रात्री शांत झोपेल, कारण काठी सगळ्यांना एकच आहे.

खाली नेण्यासारखं पाणी आज नव्हतं. तळाशी होतं त्यात स्वयंपाक केला. सोनूबाईने फळा वाचला नाही, तिला वाचता येत नाही, कुणीतरी सांगितलं. दुपारी वर आली, हातात तांब्या. तिच्या पाच हंड्यांतला एक तांब्या मला द्यायला! “चायक तरी ठेव,” म्हणाली.

तो तांब्या मी घेतला. नाही म्हणता आलं नाही. ती खाली गेल्यावर दार लावून रडले. आणि मग डोळे पुसून हिशेबाला बसले. रागात माझं गणित चांगलं होतं, हे या दिवसांत कळलं.

कुणाच्या पिंपातून कापणार, असं विचारलं होतं ना वरच्या मजल्यावरून? आमच्या. फक्त आमच्या. तिचं आणि आमचं पाणी मिळून तेरा हजार सातशे अठ्ठावीस घन इंच. निम्मं निम्मं करायचं. मग आमचं पिंप एकवीसऐवजी पंधरा इंचांवर थांबवायचं आणि तिचं चौतीसवर न्यायचं. तिचं पिंप छत्तीस उंच आहे, मावतं. दोन दारांचीच बाब. बाकी चौदा घरांचा थेंब हलत नाही. चोरून हंडे न्यायला नकोत, मीटिंग नको, लहूमामांचं नाव नको. काठीला दोन खाचा जास्त, बस.

कुणालाही सांगितलं नाहीये. आधी ह्यांना सांगणार. रागावून नाही. नीट, बसवून.

१९ एप्रिल, रविवार

सांगायला बसले. “आपलं पिंप —” एवढंच मी म्हणाले होते.

“पंधराला थांबवायचं. त्यांचं चौतीसवर न्यायचं,” हे म्हणाले. “काठी केली त्याच दिवशी काढलं होतं मी.”

म्हणजे पेला आणि डबा मी पुढे मांडला तेव्हा माहीत होतं. जिन्यात माझा आवाज चिरकला तेव्हा माहीत होतं. सगळं माहीत असून काठी मांडीवर घेऊन बसले होते! मी विचारलं, मग केलं का नाही? माझ्याकडे न बघता म्हणाले, “दुसरी खाच पडली की लोक पिंपं सोडून माणसं मोजतील. अनुपमाकडे सात. आपण दोघं. मग आपल्याला किती उरेल ते काढलंस का?”

नव्हतं काढलं. आता काढलं. फार थोडं उरतं.

उद्या नळी सुरू व्हायच्या आधी सुरी ह्यांच्यासमोर ठेवणार आहे. एवढी वर्षं ‘अहो’ म्हणत आले, नाव घेतलं ते लग्नात, उखाण्यापुरतं. उद्या गॅलरीत, सगळ्यांच्या देखत नावाने हाक मारणार. सहदेव, खाचा पाडा. माणसं मोजली तरी चालतील, पाडा.

नाही म्हणतील.